ताटाची मोजदाद : टेंपलच्या पौंडापासून पोषण ट्रॅकरपर्यंत

आजकाल ताटाचा फोटो काढला की मोबाईल कॅलरी सांगतो. सरकारी पाहणी करणारा वहीऐवजी टॅबलेट घेऊन दारात येतो. अंगणवाडीतला आहार अ‍ॅपवर नोंदला जातो. तंत्रज्ञान आले, आता भूक लपणार नाही, असे आपल्याला सांगितले जाते. आम्हाला हे पटत नाही. लोक काय खातात याची मोजणी या देशात जुनीच आहे. ती कोणी केली, कशासाठी केली आणि मोजून झाल्यावर ताटात काय पडले, हे तपासल्याशिवाय या यंत्रांवर विश्वास ठेवता येणार नाही.

१८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमवर आणले. वर एक आणा. हाच तो कुप्रसिद्ध 'टेंपल वेज'. दिवसभर खडी फोडणारा माणूस एवढ्यावर जगत नाही, असे मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी ठणकावून सांगितले. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडून संप केला. म्हणजे भुकेचे 'वैज्ञानिक' माप तेव्हाही होते, पण ते खजिना वाचवण्यासाठी होते. त्याच काळात जोतीराव आणि सावित्रीबाई व सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते उपाशी मुलांसाठी अन्नछत्रे चालवत होते. समोरचे मूल उपाशी आहे हे कळायला त्यांना तराजू लागला नाही.

दुसरी मोजणी १९१० ची. १९११ च्या जनगणनेपूर्वी जनगणना आयुक्तांनी एक परिपत्रक काढले. शंभर टक्के हिंदू कोण आणि कोण नाही, हे ओळखण्यासाठी त्यात दहा कसोट्या दिल्या होत्या. ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व न मानणे, मंदिराच्या गाभाऱ्यात प्रवेश नसणे, विटाळ होणे अशा कसोट्यांसोबत गोमांस खाणे आणि गायीला पूज्य न मानणे हीही एक कसोटी होती. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात हेच परिपत्रक पुराव्यासाठी घेतले आणि अस्पृश्यतेचे मूळ गोमांसभक्षणाशी कसे जोडले गेले याची मीमांसा केली. जे माप माणसाला बाजूला काढण्यासाठी वापरले गेले, तेच बाबासाहेबांनी व्यवस्थेवर उलटवले. आकडेवारी कोणाच्या हातात आहे, यावर तिचा अर्थ ठरतो.

स्वातंत्र्यानंतर कॅलरी आली. १९७९ च्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी धरून दारिद्र्यरेषा आखली. १९७३-७४ च्या किमतींत ती ग्रामीण भागात महिना माणशी ४९ रुपयांच्या आसपास होती. या कॅलरी ज्वारीच्या कोरड्या भाकरीतून आल्या की डाळ, दूध, अंड्यातून, याच्याशी त्या रेषेला कर्तव्य नव्हते. १९७२ पासून राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्युरोचे कार्यकर्ते घरोघर जाऊन मागच्या २४ तासांत काय खाल्ले ते विचारत आणि तोलत. ते काम २०१५ मध्ये बंद झाले.

आता २०२२-२३ च्या घरगुती खर्च पाहणीत कागद जाऊन टॅबलेट आला. यादीत चारशेहून अधिक वस्तू आहेत. आमचा प्रश्न साधा आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. फ्रीजमधल्या मांसाच्या संशयावरून माणसे मारली गेली. अशा काळात दारात आलेल्या अनोळखी माणसाला कोण खरे सांगेल? बालमुरली नटराजन आणि सूरज जेकब यांनी २०१८ मध्ये राष्ट्रीय पाहण्या तपासून हेच दाखवले. पाहण्यांत गोमांस खाणारे सुमारे ७ टक्के दिसतात. त्यांच्या अंदाजाने खरे प्रमाण १५ टक्क्यांच्या जवळ आहे. भीतीने दिलेले उत्तर टॅबलेटमध्ये भरले म्हणून खरे होत नाही. मग याच आकड्यांवरून 'भारत शाकाहारी देश' म्हणायचे आणि शाळेच्या ताटातल्या अंड्याला विरोध करायचा, हा उलटा न्याय आहे.

पोषण ट्रॅकरची गोष्ट अशीच. मार्च २०२१ मध्ये तो आला. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट सरकारी मोबाईल परत केले. अ‍ॅप इंग्रजीत होते हीही त्यांची तक्रार होती. आता घरी न्यायच्या आहारासाठी चेहऱ्याची ओळख पटवण्याची सक्ती आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची मुलगी दगावली. आधारशी न जोडल्याने त्या घराचे रेशन कार्ड रद्द झाले होते. ती भात मागत गेली असे आईने सांगितले, सरकारने मलेरियाचे कारण दिले. यंत्राने लाभार्थी तपासला, भूक तपासली नाही.

म्हणून तंत्रज्ञान नको, असे आम्ही म्हणत नाही. दडपलेल्या समाजाला आकडे हवेच आहेत. आकड्यांशिवाय हक्क मागता येत नाही, हे बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे १९१९ मध्येच दाखवून दिले. पण अटी आमच्या असतील. प्रश्न लोकांच्या बोलीत आणि त्यांच्या पदार्थांच्या नावांनी विचारा. चान्या, रक्ती, चुलीवरचे कालवण यांना 'इतर' या रकान्यात ढकलू नका. उत्तर देणाऱ्याचे नाव पोलिसांपर्यंत जाणार नाही याची कायद्याने हमी द्या. नेटवर्क नाही, चेहरा जुळला नाही म्हणून एकाही मुलाचा आहार अडवू नका. आणि गोळा केलेली माहिती वस्तीच्या सभेत वाचून दाखवा, म्हणजे खोटे तिथल्या तिथे पकडता येईल.

टेंपलच्या काळात मजुरांनी संप करून माप नाकारले. आज माप मोबाईलमध्ये आहे, एवढाच फरक. ते तपासण्याचा हक्क आपण सोडता कामा नये.

जय भीम!