राखणदार आणि तट

श्रोतेहो, नाशिकहून पेठच्या वाटेला लागले की रामशेजचा डोंगर दिसतो. १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला. थोड्याशा शिबंदीने हा गड वर्षानुवर्षे झुंजवला. अखेर तो गेला, पण तट फुटून नव्हे. किल्लेदार पैशाला वश झाला म्हणून! तुम्ही म्हणाल, आज ही आठवण कशाला? तर आपल्या शरीरातल्या एका तटालाही असाच आतून धोका असतो.

हृदयातून निघून पोटात उतरणारी महारोहिणी ही रक्ताची सर्वांत मोठी वाहिनी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हे तिचे राखणदार. त्यांचे काम प्रथम ओळखले मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात काटा टोचला. सकाळी पाहतो तो काय, फिरत्या पेशींनी काट्याला गराडा घातलेला! १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

पण हेच शिपाई महारोहिणीच्या भिंतीत ठाण मांडून बसले तर? इथे फितुरी नसते. पण ते जी पाचक द्रव्ये सोडतात, त्यांनी भिंतीचे लवचीक तंतू तुटतात. मोठेपणी ते पुन्हा नीट विणले जात नाहीत. मग सायकलच्या ट्यूबसारखी भिंत एका जागी फुगते, आणि एके दिवशी फुटते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन, डॉ. जी. बी. परुळकर व सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात तरुण रुग्णांच्या सुजलेल्या महारोहिणीचा अभ्यास केला. या सुजेने बहुतेकांची वाहिनी आवळते, काहींची फुगते.

उतारवयातल्या फुग्याला मात्र सर्वांत मोठे खतपाणी घालतो तो तंबाखूचा धूर. आपल्या सिन्नरच्या विडीने अनेक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. त्या कष्टकऱ्यांना मी बोल लावीत नाही. पण ओढणाऱ्याने ऐकावे. पोटातली महारोहिणी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ती ३ सेंटिमीटर झाली की फुगा म्हणतात. तो बहुधा दुखत नाही. आणि फुटून दुखू लागला, की वेळ फार थोडा उरतो.

तेव्हा गुरुजी, गावात पासष्टी ओलांडलेले, विडी ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले आजोबा असतील, तर त्यांना पोटाची सोनोग्राफी एकदा करून घ्यायला सांगा. तटाची पाहणी तो ढासळण्याआधीच करायची असते.