बंद फाईल कुणाची राखण करते?

जुलै २००३. इंग्लंडमधल्या सॅल्फर्डमध्ये एका बाईवर बलात्कार झाला. झटापटीत मी त्या माणसाचा चेहरा ओरबाडला, असं तिनं पोलिसांना सांगितलं. पोलिसांनी तिच्या हातांचे फोटो काढले. त्यात एक नख तुटलेलं दिसत होतं.

पकडला गेला अँड्र्यू माल्किन्सन नावाचा सुरक्षारक्षक. त्याच्या चेहऱ्यावर ओरखडा नव्हता. मग ओरबाडल्याचं तिला चुकीचं आठवत असेल, असा तर्क खटल्यात पुढे आला. ते फोटो बचाव पक्षाला दाखवलेच नव्हते. साक्षीदारांना पूर्वी शिक्षा झालेल्या होत्या, हेही सांगितलं नव्हतं. २००४मध्ये त्याला जन्मठेप झाली. मी निर्दोष आहे, हे तो सांगत राहिला आणि सतरा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात राहिला.

अशा माणसाने जायचं कुठे? इंग्लंडमध्ये त्यासाठी एक आयोग आहे, आणि त्याचा जन्मच एका मोठ्या चुकीतून झाला. १९७४मध्ये बर्मिंगहॅममधल्या दोन पबमध्ये स्फोट होऊन २१ माणसं मेली. सहा जणांना जन्मठेप झाली. ते निर्दोष होते, हे मान्य करायला न्यायालयाला १९९१ उजाडावं लागलं. तोवर असे खटले पुन्हा अपिलात पाठवायचे की नाही, हे गृहमंत्री ठरवत. सरकारच्याच चुका सरकारने तपासायच्या, हे बरं नव्हे म्हणून १९९५मध्ये कायदा झाला आणि १९९७पासून स्वतंत्र ‘क्रिमिनल केसेस रिव्ह्यू कमिशन’ काम करू लागलं.

कायद्याच्या कलम १७ने आयोगाला जबरदस्त अधिकार दिला. पोलीस असोत वा इस्पितळ, कुठल्याही सरकारी संस्थेकडचा कागद आयोग मागू शकतो. ‘हे गोपनीय आहे’ म्हणून नकार देता येत नाही. पण कलम २३ने त्या दाराला आतून कडी लावली: मिळालेली माहिती आयोगाच्या माणसाने बाहेर सांगितली, तर काही ठरलेले अपवाद सोडता तो गुन्हा. पुढे २०००चा माहिती स्वातंत्र्य कायदा आला. दुसऱ्या कायद्याने मनाई केलेली माहिती त्याच्या कलम ४४मुळे देता येत नाही. त्यामुळे आयोगाने गोळा केलेले कागद तुम्ही-आम्ही मागितले, तर उत्तर ठरलेलं.

आपल्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज केलेल्यांना हा अनुभव नवा नाही. मलाही एकदा नुसता कलमाचा आकडा लिहिलेलं पत्र आलं होतं. पण आपल्या २००५च्या कायद्यात कलम ८(२) आहे. माहिती देण्यातलं जनहित मोठं असेल, तर अपवाद बाजूला ठेवता येतो. ब्रिटनच्या कलम ४४ला ती पळवाटही नाही. जनहित तोलायचा प्रश्नच येत नाही.

मग पोलिसांकडूनच कागद मागावेत? २०१४मध्ये सफोक पोलिसांविरुद्धच्या नन खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की खटल्याआधी पोलिसांवर कागद दाखवण्याची जितकी जबाबदारी असते, तितकी शिक्षेनंतर राहत नाही. शंका असेल तर आयोग आहेच. म्हणजे सगळी भिस्त आयोगावर.

त्या आयोगानं माल्किन्सनचं काय केलं? पीडितेच्या कपड्यावर दुसऱ्याच पुरुषाचा डीएनए असल्याचं २००७मध्येच निघालं होतं. तरी २०१२मध्ये आयोगाने अर्ज फेटाळला. नव्या चाचण्या केल्या नाहीत, पोलिसांची मूळ फाईलही मागवली नाही. कलम १७ हाताशी होतं, ते वापरलंच नाही. २०२०मध्ये पुन्हा नकार. हातांचे फोटो शेवटी मिळवले ते ‘अपील’ या छोट्या संस्थेने, पोलिसांशी कोर्टात भांडून. २०२२मध्ये डीएनए दुसऱ्या माणसाशी जुळला आणि २६ जुलै २०२३ला माल्किन्सन निर्दोष ठरला.

यानंतर आयोगाच्या फायलींतल्या नोंदी बाहेर आल्या. चाचण्या न करण्यामागे खर्चाचाही हिशेब झाला होता, असं त्यांत दिसलं. ख्रिस हेन्ली या वकिलाचा चौकशी अहवाल जुलै २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. माल्किन्सनची सुटका बरीच वर्षं आधी होऊ शकली असती, असं त्यात म्हटलं होतं. जानेवारी २०२५मध्ये आयोगाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला.

सगळ्या फायली उघड्या कराव्यात, असं मला वाटत नाही. बलात्कार झालेल्या बाईचं नाव, तिचे वैद्यकीय कागद, घाबरत बोललेल्या साक्षीदाराचा पत्ता हे जपायलाच हवं. ती भीती नसेल तरच लोक आयोगाशी बोलतील. पण कुठली चाचणी केली नाही, कुठली फाईल मागवली नाही आणि का, हे कुणाचं खासगी आयुष्य नव्हे. ते आयोगाचं स्वतःचं काम आहे. नावं काळी करून ही कारणं छापता येतात. २०१२चा नकार असा कारणांसकट लोकांसमोर आला असता, तर ‘पोलिसांची फाईल का पाहिली नाही?’ एवढं विचारायला कुणी तरी नक्की उठलं असतं.

मला राहून राहून त्या बाईची आठवण येते. गोपनीयतेचं पहिलं कारण म्हणून तिच्यासारख्यांकडेच बोट दाखवलं जातं. पण तिच्या वाट्याला काय आलं? वीस वर्षं चुकीचा माणूस आरोपी, आणि तिची आठवण चूक ठरवली गेली. तिला बरोबर आठवत होतं. तिच्या तुटलेल्या नखाचा फोटो पोलिसांकडे होता.