हळदीच्या दुधाचं पेटंट : खरं काय घडलं आणि आपण काय शिकलो नाही

थंडी सुरू झाली की तो मेसेज परत फिरायला लागतो. "अमेरिकेने आपल्या आजीच्या हळदीच्या दुधाचं पेटंट घेतलं होतं, भारताने ते हिसकावून परत आणलं, अभिमान असेल तर फॉरवर्ड करा." यंदा मला तो सात ग्रुपवर आला. एकाने तर त्यात शिवाजी महाराजांचा फोटोही जोडला होता.

मंडळी, अभिमान जरूर असावा. पण पत्रकाराची खोड म्हणून सांगतो, या मेसेजमध्ये निम्मं खरं आहे आणि निम्मं नाही. आणि जो भाग त्यात नाही, तोच आपल्या सांगलीकडच्या लोकांनी वाचायला हवा. म्हणून जरा लांबलचक लिहितोय. चहा नाहीतर दूध घेऊन बसा.

आधी पेटंटचं बघू.

मार्च 1995 मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला एक पेटंट दिलं. क्रमांक 5,401,504. विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. जखमेवर लावायची हळद त्यात होती आणि पोटात घ्यायची हळदही होती. दुधाचं पेटंट असं काही नव्हतं. संशोधक म्हणून ज्या दोघांची नावं होती, सुमन दास आणि हरिहर कोहली, ते दोघेही भारतीय वंशाचे. म्हणजे "गोऱ्याने चोरलं" ही गोष्टसुद्धा इतकी सरळ नाही. घरात लहानपणी पाहिलेली गोष्ट प्रयोगशाळेत तपासली आणि तिच्यावर हक्क मिळवला, असं ते प्रकरण.

त्या वेळी भारताच्या सीएसआयआर या संस्थेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेल गावचे, मुंबईत मराठी शाळेत शिकलेले. त्यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर 1996 मध्ये सीएसआयआरने या पेटंटची फेरतपासणी मागितली. ऑगस्ट 1997 मध्ये अमेरिकन कार्यालयाने पेटंटमधले दावे नाकारले. पुढच्या वर्षी प्रकरण कायमचं मिटलं. एखाद्या विकसनशील देशाने आपल्या पारंपरिक ज्ञानाच्या जोरावर अमेरिकन पेटंट रद्द करून घेतल्याचं हे पहिलं गाजलेलं उदाहरण. कडुनिंबाच्या आणि बासमतीच्या लढाया लोकांना आठवतात, पण वाट दाखवली ती हळदीने.

आता मुख्य मुद्दा. ही लढाई जिंकली कशावर?

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड आहे? कुठल्याही गावात जा, कुठल्याही बाईला विचारा. पोरगं पडलं, गुडघा फुटला की चिमूटभर हळद दाबायची. मुका मार लागला की रात्री हळदीचं दूध द्यायचं. शंभर कोटी साक्षीदार आहेत. बरोबर ना?

चूक. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात अमेरिकेच्या आत एखादी गोष्ट माहीत असेल किंवा वापरात असेल तर तो पुरावा चालायचा. अमेरिकेबाहेर मात्र नुसता वापर चालत नव्हता, तिथला पुरावा छापील हवा. म्हणजे आपल्या आजीने शपथेवर सांगितलं असतं, तरी कायद्याच्या नजरेत ती साक्ष शून्य. आजीचं म्हणणं कुठेतरी छापलेलं असेल तरच त्याला किंमत.

मग शोधाशोध सुरू झाली. सीएसआयआरने 32 संदर्भ गोळा करून सादर केले. संस्कृत, हिंदी, उर्दू भाषांतले. त्यातले काही शंभर वर्षांहून जुने. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 1953 साली छापून आलेला एक लेखही त्यात होता. पिवळे पडलेले, कडा मोडलेले कागद. कुणीतरी वैद्याने, हकिमाने, डॉक्टरने वेळेवर लिहून ठेवलं होतं म्हणून हळद वाचली. रोज हळद वापरणाऱ्या करोडो बायकांपैकी एकीचाही पुरावा त्यात मोजला गेला नाही.

याच अनुभवातून 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी उभी राहायला सुरुवात झाली. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतले योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी भाषांत आणून पेटंट कार्यालयांच्या तपासनीसांपुढे ठेवायचे, म्हणजे पुन्हा असं पेटंट मिळायलाच नको. अमेरिकेतही 2013 पासून तो कायदा बदलला, बाहेरच्या देशातला वापरही आता विचारात घेतात. पण तो वापर सिद्ध करायचा कसा? परत कागदच लागतो.

आता दुधाकडे येऊ.

औषध दुधात उकळून द्यायची पद्धत आयुर्वेदात नीट लिहिलेली आहे. तिला क्षीरपाक म्हणतात. शार्ङ्गधर संहितेत तिचं माप आहे : औषध एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग, आणि पाणी आटून फक्त दूध उरेपर्यंत मंद आचेवर उकळायचं. हे माप बघितलं की आपल्या घरातल्या बायका दुधात आधी थोडं पाणी का घालायच्या ते कळतं. काटकसर असेल, पण नुसती काटकसर नव्हती. पाणी असलं की दूध तळाला लागत नाही, जास्त वेळ उकळता येतं आणि हळदीचा कच्चेपणा जातो. हल्ली आपण गरम दुधात चमचाभर पावडर ढवळतो, दोन घोट घेतो आणि तोंड वाकडं करतो. मग म्हणतो, पोरांना आवडत नाही. कसं आवडेल?

आमच्या घरातली रीत लिहून ठेवतो. एका माणसाला एक कप दूध, अर्धा कप पाणी. पावडरीऐवजी बोटाच्या पेराएवढं हळकुंड खलबत्त्यात ठेचून घालायचं. दोन मिरे ठेचून, एक वेलदोडा सालासकट, सुंठीचा छोटा तुकडा. मंद आचेवर पाणी आटेपर्यंत, साधारण दहा-बारा मिनिटं. वरून अर्धा चमचा तूप. गाळायचं आणि गूळ घालायचा असेल तर खाली उतरवल्यावर, जरा निवल्यावर. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध नासण्याचा धोका असतो. झोपायच्या आधी द्यायचं असेल तर जायफळ दोनदा उगाळून, जास्त नाही. चहा-कॉफीसारखं यात झोप उडवणारं काही नाही, म्हणून रात्रीचं हेच बरं. कोजागरीचं मसाला दूध हे याचं श्रीमंत भावंडं : केशर, बदाम, चारोळी घातलेलं आणि वर्षातून एकदाच. हळदीचं दूध रोजचं, आजारपणाचं, बाळंतपणाचं, गरिबाचं.

मिरी आणि तूप का? हळदीतला कुरकुमिन हा घटक पाण्यात फारसा विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. आणि मिरीबद्दल 1998 मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं, की मिरीतल्या पायपेरिनमुळे माणसाच्या रक्तात कुरकुमिनचं शोषण वीस पटीने वाढतं. पण थांबा, लगेच फॉरवर्ड करू नका. तो प्रयोग शुद्ध कुरकुमिनवर होता, तोही दोन ग्रॅम. साध्या हळदीत कुरकुमिन साधारण तीन टक्के. तुमच्या कपभर दुधात ते किती येणार, हिशेब तुम्हीच करा. हळदीचं दूध घशाला, पोटाला, झोपेला बरं वाटतं. त्याने कॅन्सर बरा होतो म्हणणाऱ्याला लांबूनच रामराम करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील, तर रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि हळकुंडच का? कारण पावडरीत भेसळ सोपी. मेटॅनिल यलोसारखा रंग आणि शिशाचं पिवळं क्रोमेट या हळदीतल्या नोंदलेल्या भेसळी आहेत. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. फार चकाकणारं पिवळंधमक हळकुंडही घेऊ नका. साधं, मातकट रंगाचं घ्या आणि घरी कुटा.

मग आला कोरोना. 31 मार्च 2020 ला केंद्राच्या आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी सल्ला काढला. त्यात लिहिलं होतं : 150 मिली गरम दुधात अर्धा चमचा हळद, दिवसातून एक-दोन वेळा. आजीची गोष्ट पहिल्यांदा सरकारी कागदावर मिलीलिटरमध्ये आली. त्याआधी चार-पाच वर्षं परदेशात 'टर्मरिक लाटे' नावाने तीच गोष्ट कॅफेत विकली जात होती. इथे मोठ्या डेअऱ्यांनी हळदीच्या दुधाच्या बाटल्या काढल्या.

आणि त्याच 2020 च्या जुलैमध्ये आपल्या भागात दूध रस्त्यावर ओतलं जात होतं. हॉटेलं बंद, मिठाई बंद, मागणी पडलेली. राज्य सरकार रोज दहा लाख लिटर दूध 25 रुपयांनी घेऊन भुकटी करत होतं, तरी बहुतेकांना तो भाव मिळत नव्हता. देशभर सांगितलं जात होतं हळद घालून दूध प्या, आणि दूध घालणारा विचारत होता, मला परवडेल एवढा भाव कोण देणार? पेला सोन्याचा म्हणून गाजला, पण गोठ्यात त्यातलं सोनं आलं नाही.

आता शेवटचा आणि आपल्या घरचा मुद्दा.

मराठीत आपण म्हणतो, अमुक गोष्टीचं पेव फुटलं. पेव म्हणजे काय, हे आजच्या कॉलेजच्या पोराला विचारा. सांगलीशेजारी हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती. अरुंद तोंडाचे, आत रुंद होत गेलेले खोल खड्डे. तिथली मातीच अशी, की पाणी आत झिरपत नव्हतं. पाला-चटया अंथरून आत हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून बंद करायचं. हवा नाही म्हणून कीड नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची, रंगही धरून राहायची. ना वीज, ना औषधफवारणी. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा जाऊ द्यायची, हे उतरणाऱ्याला पाठ असायचं, नाहीतर जीव जायचा. सांगलीची हळदपेठ देशात मोठी झाली त्यामागे ही साठवण होती. भाव पडला की शेतकरी-व्यापारी हळद जमिनीत ठेवून थांबू शकत होते.

2005 च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं. कित्येक पेवं हळदीसकट गेली. त्यानंतर गोदामं आली, शीतगृहं आली आणि पेवं मागे पडली. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. तेसुद्धा ही हळद इथलीच, असं कागदावर सिद्ध केल्यावर. आता वसमतच्या हळदीलाही मानांकन आहे, आणि जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं ते निजामाबादला. आपण इथे "आमची हळद एक नंबर" म्हणत बसलो.

माझं म्हणणं एवढंच आहे. 1997 ला हळद वाचली ती भावनेने नाही, जुन्या कागदांनी वाचली. आज आपल्याकडे पेव खणणारी, भरणारी, आत उतरणारी माणसं म्हातारी झाली आहेत. जागा कशी निवडायची, मातीची पारख कशी, आत उतरायला कधी हरकत नाही, हे त्यांच्या डोक्यात आहे. ती गेली की उद्या कुणी "विजेशिवाय भूमिगत साठवणूक" नावाने हेच पेटंट करून घेईल आणि आपण पुन्हा अभिमानाचे मेसेज फिरवू. बाजार समिती, नगरपालिका, कॉलेजं, कुणीतरी हे लिहून, मोजून, चित्रं काढून ठेवायला हवं. एक-दोन पेवं तरी नीट जपायला हवीत. यासाठी कोटींचा निधी लागत नाही. एक वही, एक मोबाईल आणि चार रविवार लागतात.

सुरुवात इथूनच करू. तुमच्या घरी हळदीचं दूध कसं करतात ते कमेंटमध्ये लिहा. माप, गाव, कुणाकडून शिकलात, सगळं. ओवा घालता का, लवंग घालता का, बाळंतिणीला वेगळं करता का, तेही लिहा. आणि तुमच्या ओळखीत पेवावर काम केलेलं कुणी असेल तर मला मेसेज करा, मी जाऊन बोलून येईन. सगळं एकत्र करून तारखेसह छापायची जबाबदारी माझी.

फॉरवर्ड नंतर करा. आधी लिहा.