सोयाबीनचं तेल निघतं कसं? सॉल्व्हंटची रीत समजून घ्या

सोयाबीनचा भाव पडला की ‘डीओसीला उठाव नाही’ हे वाक्य आडतीवर हमखास ऐकू येतं. डीओसी म्हणजे तेल काढून घेतलेली पेंड. हे तेल ज्या पद्धतीने काढतात तिला द्रावक निष्कर्षण म्हणतात. बोलण्यात नुसतं ‘सॉल्व्हंट’.

घाणा का पुरत नाही?

शेंगदाण्यात ४५ टक्क्यांच्या आसपास तेल असतं, सोयाबीनमध्ये जेमतेम १८ ते २०. यंत्राने कितीही दाबलं तरी पेंडीत ६-७ टक्के तेल राहतंच. शेंगदाण्याला ते परवडतं. सोयाबीनचं मात्र जवळपास तिसरा हिस्सा तेल पेंडीतच अडकतं. सॉल्व्हंटने काढल्यावर पेंडीत १ टक्क्याच्या आत तेल उरतं.

प्लांटमध्ये काय होतं?

दाणे साफ करून भरडतात, गरम करतात आणि रोलरखाली त्यांचे पातळ पोहे पाडतात. या पोह्यांवर हेक्झेन सोडतात. हेक्झेन हा पेट्रोलियमपासून मिळणारा द्रव. त्यात तेल विरघळतं, प्रथिनं विरघळत नाहीत. तो साधारण ६९ अंशाला उकळतो, त्यामुळे मिश्रण तापवलं की हेक्झेनची वाफ होते आणि तेल मागे राहतं. वाफ थंड करून तोच हेक्झेन पुन्हा वापरतात. पेंडीला वाफ देऊन तिच्यातलाही हेक्झेन काढून घेतात. त्याच उष्णतेने कच्च्या सोयाबीनमधला पचनाला अडथळा आणणारा घटक कमी होतो आणि पेंड कोंबड्यांना खाऊ घालण्याजोगी होते.

धोकाही इथेच आहे. हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीने पेट घेते. म्हणून अशा प्लांटमध्ये विडी-काडी, मोबाईल, वेल्डिंग यांवर कडक बंदी असते.

सोलर पॅनेलचीही हीच परीक्षा

प्रयोगशाळेत ही रीत सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात वापरतात. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये दुधातली चरबी मोजण्यासाठी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज त्यावर प्लास्टिक आणि रबरही तपासतात. सोलर पंपाच्या पॅनेलमध्ये काचेखाली ‘ईव्हीए’चा थर असतो. कारखान्यात उष्णता देऊन त्याच्या लांबलचक रेणूंना एकमेकांशी जोडून जाळं तयार करतात. जाळं नीट विणलं गेलं का, हे पाहण्यासाठी तुकडा गरम झायलीनमध्ये ठेवतात. सुटे रेणू विरघळून जातात, जाळं फुगतं पण विरघळत नाही. १ ग्रॅम तुकड्यातून वाळवल्यावर ०.८ ग्रॅम उरला तर ८० टक्के जोडणी झाली असं धरतात. याला जेल चाचणी म्हणतात. जोडणी कच्ची राहिली तर उन्हात हा थर सरकण्याची किंवा सुटण्याची भीती असते.

शेतकऱ्याने काय लक्षात घ्यावं?

या चाचणीत हिशोब मागे उरलेल्याचा असतो. सोयाबीनचंही तसंच आहे. एका क्विंटलमधून सुमारे १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड मिळते. त्यामुळे सोयाबीनचा भाव कोंबडीखाद्याच्या मागणीवर आणि पेंडीच्या निर्यातीवरही हलतो. हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. ओल्या दाण्याचे पोहे नीट पडत नाहीत, साठवणीत बुरशी धरते. म्हणून माल वाळवूनच न्यावा, आणि विकण्याआधी तेलाच्या भावासोबत डीओसीचा भावही विचारावा.