उत्तर आले नाही, तर?

परगावी पत्र टाकले आणि उत्तर आले नाही, तर पत्र गहाळ झाले की उत्तर, हे घरबसल्या कसे कळावे? अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९८५ साली 'एनएफएस' बाहेर आणले, तेव्हा तिच्यापुढे हाच पेच होता. दूरच्या सर्व्हरवरील फाइल जणू आपल्याच संगणकात आहे, असे ही व्यवस्था भासवी. सर्व्हर मागचे काही ध्यानात ठेवीत नसे. ठरल्या वेळात उत्तर न आल्यास मागणाऱ्याने तीच आज्ञा पुन्हा धाडायची. सर्व्हर कोसळून उठला तरी काम पुढे चाले. हा साधेपणा मला तरी फार आवडतो.

वाचायची आज्ञा दहादा दिली म्हणून बिघडत नाही. पण 'ही फाइल काढून टाक' म्हटले, ती निघालीही, आणि वाटेत हरवले ते उत्तर! दुसऱ्या खेपेस सर्व्हर म्हणणार, 'अशी फाइलच नाही.' काम झालेले, आणि पदरी मात्र चूक!

१९८९ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीतील एका अभियंत्याने उपाय मांडला: सर्व्हरने नुकतीच दिलेली उत्तरे टिपून ठेवावी, आज्ञा पुन्हा आली तर तेच उत्तर द्यावे. पण ही टिपणवही लहान, आणि सर्व्हरबरोबर तीही पुसली जाई. जुने पान फाडायचे तरी केव्हा? २०१० सालच्या ४.१ आवृत्तीत आज्ञांना क्रमांक मिळाले. हजेरीपट सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला हे लगेच पटते. त्याच रांगेतला पुढचा क्रमांक आला, की मागचे उत्तर पोहोचले असे सर्व्हरने समजावे.