पासवर्ड-सुरक्षा लायब्ररी आणि त्यांच्या माहितीपुस्तिका : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणक प्रणालीत वापरकर्त्याचा पासवर्ड जसाच्या तसा न साठवता त्याचे एकदिशा रूपांतर, म्हणजेच हॅश, साठविण्याची पद्धत रूढ आहे. हे कार्य करणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररींचा इतिहास बहुधा गणिती पद्धतींचा इतिहास म्हणून मांडला जातो. तथापि, लायब्ररी कशी वापरावी हे सांगणारी माहितीपुस्तिका हाही सुरक्षेचाच घटक आहे. ती वेळोवेळी अद्ययावत होणे का आवश्यक ठरले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विलंबाचे तत्त्व :
रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये यूनिक्स प्रणालीच्या अनुभवावर आधारित निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या ३,२८९ पासवर्डपैकी ८६ टक्के सहज शोधता येण्याजोगे होते. त्यावर उपाय म्हणून डीईएस पद्धतीची २५ आवर्तने करून गणन मुद्दाम संथ करण्यात आले आणि प्रत्येक पासवर्डला १२ बिटांचे यादृच्छिक 'सॉल्ट' जोडण्यात आले. परंतु संगणकाचा वेग वाढत गेला आणि २५ हा आकडा मात्र स्थिर राहिला. नील्स प्रोव्होस व डेव्हिड माझिएर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या बीक्रिप्ट पद्धतीत म्हणूनच विलंब वाढविता येण्याची सोय ठेवण्यात आली. त्यातील 'कॉस्ट' एकने वाढविल्यास गणनाचे काम दुप्पट होते.

आकड्यांचे वार्धक्य :
पीबीकेडीएफ२ पद्धतीच्या २००० सालच्या दस्तऐवजात किमान १,००० आवर्तनांची शिफारस होती. २०१७ च्या सुधारित आवृत्तीतही किमान मर्यादा तीच राहिली. याउलट, ओवास्प या संस्थेने २०२३ मध्ये त्याच पद्धतीच्या एसएचए-२५६ प्रकारासाठी ६,००,००० आवर्तने सुचविली. पीएचपी भाषेत २०१३ मध्ये बीक्रिप्टची पूर्वनिर्धारित कॉस्ट १० होती. २०२४ च्या ८.४ आवृत्तीत ती १२ झाली, म्हणजेच काम चौपट झाले. मात्र जुन्या उदाहरणावरून १० हा आकडा ज्यांनी आपल्या प्रोग्राममध्ये स्वतः लिहिला, त्यांना या बदलाचा आपोआप लाभ होत नाही.

२०११ चा दोष आणि देवनागरी :
बीक्रिप्टच्या 'क्रिप्ट ब्लोफिश' या अंमलबजावणीत जून २०११ मध्ये एक दोष उघडकीस आला. १२७ पेक्षा अधिक मूल्याचा बाइट आल्यास त्याच्या आधीचे कमाल तीन बाइट गणनातून पुसले जाऊ शकत. इंग्रजी अक्षरांच्या पासवर्डला त्याची झळ पोहोचत नव्हती. यूटीएफ-८ संकेतप्रणालीत देवनागरीचे सर्वच बाइट या कक्षेत येत असल्याने देवनागरी पासवर्ड मात्र दुर्बल होऊ शकत. दोष दूर झाल्यावर नव्या हॅशसाठी 'टू-वाय' हा उपसर्ग ठरला आणि पीएचपीच्या माहितीपुस्तिकेत ५.३.७ आवृत्तीपासून तोच वापरण्याची सूचना समाविष्ट झाली. बीक्रिप्ट केवळ पहिले ७२ बाइट विचारात घेते, हा इशाराही त्या पुस्तिकेत आहे. देवनागरीचे एक संकेतचिन्ह ३ बाइट व्यापत असल्याने ही मर्यादा २४ चिन्हांतच संपते.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रोग्राममधील दोष दुरुस्त झाला तरी जुन्या सूचना वाचून लिहिलेले प्रोग्राम वापरात राहतात. त्यामुळे माहितीपुस्तिकेत केवळ आकडा नव्हे, तर त्यामागील कारण, वर्ष आणि जुने हॅश बदलण्याची रीत नोंदविणे अगत्याचे आहे. पुस्तिकेतील त्रुटीची किंमत ती न वाचणाऱ्या सामान्य वापरकर्त्याला मोजावी लागते.