पोकर स्पर्धेत ‘ब्लाइंड चोरणे’ म्हणजे काय? चिप्स कमी उरल्यावर ते का करावं लागतं?

टेक्सस होल्डेम पोकरमध्ये पत्ते वाटण्याआधीच दोन खेळाडूंना सक्तीने चिप्स लावाव्या लागतात. त्यांना छोटा ब्लाइंड आणि मोठा ब्लाइंड म्हणतात. अनेक स्पर्धांत मोठा ब्लाइंड देणारा खेळाडू पूर्ण टेबलाचा अँटीही भरतो. सगळ्यांनी पत्ते टाकावेत म्हणून पैज वाढवायची आणि या चिप्स न लढता उचलायच्या, याला ‘ब्लाइंड चोरणे’ म्हणतात. यात फसवणूक नाही. ही नियमांत बसणारी चाल आहे.

थांबणं का परवडत नाही?

समजा, एखाद्याकडे १० मोठे ब्लाइंड उरले आहेत. प्रत्येक फेरीत त्याचे अर्धा, एक आणि अँटीचा एक असे अडीच ब्लाइंड जातात. चांगल्या पत्त्यांची वाट पाहत बसलं तर चार फेऱ्यांत सगळं संपतं, आणि ठरावीक वेळाने ब्लाइंड वाढत असल्याने त्याच्याही आधी. बसून खाल्लं तर कुबेराचं धन पुरत नाही, तसंच हे. उलट एक चोरी यशस्वी झाली तर १० चे साडेबारा होतात, म्हणजे थेट २५ टक्के वाढ.

ऑल-इनच का?

१० पैकी अडीच ब्लाइंड लावले आणि समोरच्याने पैज वाढवली, तर पत्ते टाकून पाव भाग गमवावा लागतो. ऑल-इनमध्ये हा पेच समोरच्यावर जातो.

गणित असं: कॉल झाल्यावर जिंकण्याची शक्यता शून्य धरली, तर चोरी १० पैकी ८ वेळा यशस्वी व्हावी लागेल. पण पत्त्यांना ३५ टक्के संधी असेल, तर जवळपास निम्म्या वेळा यश मिळालं तरी तोटा होत नाही.

कुठून आणि कोणत्या पत्त्यांवर?

- बटणावरून: मागे फक्त दोन खेळाडू उरतात. कोणतीही जोडी, कोणताही एक्का किंवा राजा-राणी इथे पुरते. हातात एक्का असला की समोरच्याकडे एक्का असण्याची शक्यताही घटते.
- सुरुवातीच्या जागेवरून: नऊ जणांच्या टेबलावर मागे आठ खेळाडू असतात. इथे चांगल्या जोड्या आणि एक्का-राजासारखे पत्तेच हवेत.
- कोणाविरुद्ध: बक्षिसाच्या उंबरठ्यावर मध्यम चिप्सवाले जपून खेळतात. ढीगभर चिप्स असलेला सहज कॉल करू शकतो.

फार उशीर झाला तर?

१० ब्लाइंडचं ऑल-इन कॉल करायला मोठ्या ब्लाइंडवरच्या खेळाडूला सुमारे ४२ टक्के संधी लागते. ऑल-इन फक्त ३ ब्लाइंडचं असेल, तर २७ टक्के पुरतात. म्हणजे तो जवळपास कोणत्याही पत्त्यांवर कॉल करेल. घाबरवण्याची ताकद संपली की चोरीही संपली.

१९९५ चा वर्ल्ड सीरीज विजेता डॅन हॅरिंग्टन याने यासाठी ‘एम’ हे माप लोकप्रिय केलं. आपल्या चिप्सना एका फेरीच्या खर्चाने भागायचं. वरच्या उदाहरणात एम येतो ४. पाच किंवा त्याखालचा एम तो ‘लाल पट्टा’ मानतो.

भारतात काय स्थिती?

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा फरक त्यात केलेला नाही. त्यामुळे ऑनलाइन पोकरही त्यात येतो.

आणि गणित पक्कं असलं तरी एका डावाची खात्री कोणीच देत नाही. अचूक चोरी करूनही खेळाडू पुढच्याच मिनिटाला स्पर्धेबाहेर जाऊ शकतो.